सोयीचं बटण

“एकेकीने बोला गं बायांनो,” बाबा हातातल्या फोनवर करवादले. दिसत नसल्याने ते फोन वाचून दाखवेल तसं काम करायचे. पण डॉक्टरांची वेळ हॉस्पिटलच्या वेबसाइटवरच मिळायची आणि तिथे अंधांच्या सोयीसाठी बसवलेलं बटण वेगळ्याच आवाजात मध्येमध्ये बोलायचं. ते बटण लेकीनेच हॉस्पिटलला विकलेलं; तिची पहिली विक्री म्हणून घरात केवढं कौतुक झालं होतं. लेक शेजारी टेकली, तसा त्यांनी फोन घाईघाईने उशीखाली सरकवला. तिची नजर त्यांच्या सुजलेल्या पावलांवर गेली. “किडनीच्या तपासणीला जाऊन आलात ना?” “हो तर. डॉक्टर खूश आहेत माझ्यावर.” “पाय असे असताना?” बाबांनी पाय चादरीखाली ओढून घेतले. आई टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालत होती. “सांगा आता, किती दिवस झाकणार?” “बाळा, तुझं बटण आल्यापासून मला डॉक्टरांची वेळच घेता आलेली नाही.”