डाव्या सीटची एअरबॅग

“बॅग असली कंपनीचीच टाकायची, नथ्थू. अन् निघालेली जुनी माझ्या हातात द्यायची,” विनताबाईंनी चेरीतालच्या गॅरेजात पाय ठेवताच बजावलं. जुना माल हातात आल्याशिवाय त्यांनी आजवर मिक्सरचं पातंही बदलू दिलं नव्हतं.

नथ्थू मिस्त्रीने हात पुसले. “हो जाएगा, माताजी.”

“आमच्या डोळ्यांपुढे झालं पाहिजे.”

गाडी व्याही भाऊरावांनी चालवत आणली होती. ते सकाळीच नागपूरहून आले होते, लेकीला, यामिनीला, घेऊन जायला. ती घरी पडून होती; एक डोळा सुजून बंद झालेला, जबडा डॉक्टरांनी तारेने बांधलेला. बोलायची सोय नव्हती. बरगी रोडवर गाय आडवी आली, नवऱ्याने, तनयने, करकचून ब्रेक मारला आणि एअरबॅग उघडून यामिनीच्या तोंडावर आदळली, हे सगळ्यांना तनयनेच सांगितलेलं.

“गाडीला ओरखडा नाही अन् माणसाचं तोंड फुटलं,” विनताबाई म्हणाल्या. “असली चीज विकून राहिले हे लोक. पहिले आपल्या घरच्या बायांना बसवा म्हणावं.”

भाऊराव खाली मान घालून किल्ली हातात फिरवत होते.

“तुम्ही काहून तोंड पाडून बसले? तिथे नेऊन तिला नळीने पेज कोण पाजणार आहे? तुमची सून तर सकाळीच डबा घेऊन नोकरीवर पळते. इथे मी बसली आहे.”

“माझा हात सोडत नव्हती ती, विहीणबाई.”

“लाडावलेली आहे. गाडीची धास्ती बसली, दुसरं काय? तनयच्या हातात किल्ली दिसली तरी अंग चोरते. नवी बॅग बसली की जाईल भीती.”

भाऊरावांनी गाडीकडे पाहिलं. “बरं. राहू द्या तिला. मी संध्याकाळच्या गाडीने निघतो.”

विनताबाईंची मान ताठ झाली. भरल्या घरातली सून अशा तोंडाने माहेरी गेली असती, तर बडा फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत चर्चा झाली असती. तनयचं तर काही लक्षच नव्हतं. ‘राहू दे आई, गाडीच विकू,’ म्हणाला आणि फाटका डॅशबोर्ड दिसू नये म्हणून वरून जाड मखमली चटई चिकटवून मोकळा झाला. तो ड्यूटीवर गेला तशी त्यांनी किल्ली काढून व्याह्यांच्या हातात ठेवली. आपल्याकडे सुनेसाठी हात आखडत नाहीत, हे पाहू दे त्यांनाही.

“या इकडे, भाऊराव. नंतर म्हणाल, बाईने जुनीच धुऊन बसवली.”

नथ्थूने चटई सोलून काढली. खालच्या डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. वळसा घालून स्टिअरिंगकडची बाजूही पाहून आला. विनताबाई आणि भाऊराव खिडकीशी वाकून उभे होते.

“बदलना क्या है, माताजी? ये बैग तो आज तक खुला ही नहीं.”