धुरपतामावशीची गोष्ट

संध्याच्या पहिल्याच कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला आणि पुसेगावात तिचा सत्कार ठरला. ती मात्र धास्तावली होती. नवऱ्यानं टाकल्यावर लोकांची हळद शिजवून दोन लेकी शिकवणाऱ्या, शेजारच्या धुरपतामावशीची गोष्ट तिनं नाव बदलून पुस्तकात लिहिली होती. मावशीला न विचारता.

सत्कार उरकताच मावशी पुस्तक घेऊन थेट मंचावर आली.

"लेकीनं समदं वाचून दाखवलं मला."

भरल्या मंडपात संध्यानं हात जोडले. "चुकलं माझं, मावशी."

"व्हय, चुकलंच!" मावशीनं पुस्तक तिच्यापुढं धरलं. "इतकी तकलीफ म्या काढली, आन् नाव दुसरीचं काहून टाकलं? आता नव्यानं छापशीन तवा माझंच टाक."