दहा वाजून दहा मिनिटं

दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून नानाजी दुकानाच्या मधोमध उभे होते आणि त्यांतल्या एकातही त्यांना धड काही दिसत नव्हतं.

"उजव्या हातातलं यंदाचं मॉडेल हाये, काका," अनुप सांगत होता. बोरगाव मेघेतलं हे दुकान त्याचंच, आणि बोलणं विकून विकून गुळगुळीत झालेलं. "डिस्प्ले मोबाइलवानी रंगीत. नकाशाबी रंगीत. पण हप्त्यातून एकदा तरी चार्ज करा लागते. डाव्या हातातलं याच्या मागच्या पिढीचं. दुकानात फिकं वाटते, पण बाहीर जेवढं ऊन जास्त, तेवढं साफ दिसते. बॅटरी वीस वीस दिवस मरत नाई. जीपीएस दोन्हीत हाये. रस्ता चुकला का घड्याळच घरी आणून सोडते."

"चौतीस वर्षं बोरच्या जंगलात गार्ड होतो," नानाजी म्हणाले. "अन् हे एवढंसं यंत्र मले रस्ता दाखवन?"

"बाबा, रोज पाहाटी टेकडीवर एकटे जाता. घ्या एक," पौर्णिमा म्हणाली. बापाच्या वाढदिवसासाठी लेक तहसील कचेरीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती. "पसंत मात्र तुमीच करा. मी नाई सांगणार."

हीच तर पंचाईत होती. दिवाळीपासून नानाजींच्या डोळ्यांपुढे धुकं होतं. मोतीबिंदू असणार, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण पौर्णिमेला कळलं असतं तर दोन गोष्टी झाल्या असत्या: टेकडी बंद आणि ऑपरेशन. टेकडीवाचून त्यांना करमलं नसतं. आणि डोळ्याजवळ कोणी सुई आणणार या नुसत्या विचारानं, वाघासमोर न हललेले नानाजी दवाखान्याची वाटही टाळत. म्हणून पाच महिने अळीमिळी गुपचिळी चालली होती.

नानाजींनी उजवं मनगट डोळ्यांसमोर धरलं. तिथं रंगपंचमी झाली होती. "बढिया!" त्यांनी डावं मनगट धरलं. तिथं राखाडी चकती होती. "हेबी बढिया!"

"दोन्ही कसे बढिया, काका? वाचायले कोणतं सोपं पडते? सांगा बरं, किती वाजले?"

वेळ मारून नेण्यात नानाजी पटाईत होते, आणि इथं तर मारायची होती ती वेळच. त्यांनी हळूच खाली नजर टाकली. फाल्गुनातलं ऊन पश्चिमेच्या दारातून दुसऱ्या फरशीपर्यंत आलं होतं. एवढं तर धुक्यातूनही कळत होतं.

"पावणेपाच," ते ठासून म्हणाले.

अनुपनं मोबाइल पाहिला. "बाप्पा! चार शेहेचाळीस. कोणत्या घड्याळात दिसलं?"

"दोन्हीत," नानाजी उदारपणे म्हणाले.

"पण काका, हे डेमो पीस हायेत. दोन्हीत दहा वाजून दहा मिनिटं हायेत."

दहा वाजून दहा मिनिटांनी नानाजींचे बारा वाजले.

पौर्णिमेनं त्यांना दंडाला धरून दारातल्या वरच्या पायरीवर उन्हात आणलं. "आता वाचा."

उजव्या घड्याळात नुसतं ऊन चमकलं. नानाजींनी डावं वर केलं. "दहा वाजून दहा!"

"ते तर अनुपनं सांगतलं. त्याच्याखाली काय लिवलं?"

नानाजींनी मनगट नाकाशी नेलं, मान तिरपी केली, श्वास धरला. उन्हात काळे आकडे एकेक करत उमटले. "एकोणीस. एकोणीस दिवस. बॅटरी!"

बरोबर होतं. क्षणभर बापलेक दोघंही खूश झाले. मग पौर्णिमेचा चेहरा उतरला.

"नाकाले लावून वाचलं तुमी, बाबा. कवापासून?"

"दिवाळी."

"अन् अंधारात टेकडी चढून राह्यले?"

"टेकडी मले पाठ हाये. तिथला दगडबी जागचा हालत नाई." आवाज ठाम ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो फुटलाच. "टेकडी बंद नोको करजो, पोरी."

ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. पण तिनं ओढणीनं डोळे पुसले. "रोज माह्या समोर बसून जेवता. मले काऊन नाई दिसलं?"

नानाजींनी घड्याळाच्या हातानंच तिच्या पाठीवर थोपटलं.

"टेकडी बंद नाई होत," ती म्हणाली. "उद्यापासून मी येईन संगं. पण सोमवारी डोयाच्या डॉक्टरकडं जायचं."

"डोयात सुई टोचते म्हणे."

"थेंब टाकते आधी. काही समजत नाई."

"कोणाले समजत नाई? डॉक्टरले?"

ती ओल्या डोळ्यांनीच हसली. अनुप मागे दारात दोन खोके घेऊन उभा होता. गिऱ्हाईक पायरीवरूनच पसार होतं की काय, ही काळजी त्याच्या तोंडावर स्पष्ट होती.

"मंग काका, कोणतं पॅक करू? ऑपरेशनच्या आधीचं का नंतरचं?"

नानाजींनी डाव्या मनगटाकडे पाहिलं. एकोणीस दिवस. त्यांना वाचता येत होतं ते हेच. मग त्यांनी चाचपडत त्याचं बक्कल सोडलं आणि ते अनुपला परत केलं; उजव्या मनगटावरचं रंगीत तसंच ठेवलं.

"नंतरचं."

आणि तिथंच पायरीवर, सगळ्यांदेखत, त्यांनी लेकीपुढे हात केला.

"धर बाई. खाली किती पायऱ्या हायेत, ते दिसून नाई राह्यलं."