बारावी चौकट

“सर, फोल्डरमध्ये नसलेला फोटो ॲप दाखवू शकतं का?” हिंमत असेल तर विचारून दाखव, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. हल्ली मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, त्यामुळे कोडिंगच्या तासाला भर वर्गात विचारलं.

सर हसले. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मग माझ्या ॲपमध्ये हे आलं कुठून? काल मी त्यात घरच्या फोटोंचा अल्बम करत होते. फोल्डरमध्ये फोटो अकरा, कोडमध्ये मी चुकून बारा मागवले. बारावी चौकट कोरी राहायला हवी होती. तिच्यात आमचा सोफा होता. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा, मधली माझी जागा रिकामी. असा फोटो आम्ही कधी काढलाच नाही.

शाळेतून आल्या आल्या कोडमध्ये बाराचे अकरा केले आणि ॲप पुन्हा चालवलं. चौकट गेली नाही. उलट आता मधली गादी खोल दबली होती. आईचा हात तिथे खांद्याच्या उंचीवर हवेतच टेकला होता, आणि बाबा त्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होते.

मी फोन घेऊन हॉलमध्ये पळाले. दोघं सोफ्यावरच होते, दोन टोकांना. आईचा हात हवेत होता.

“तू खुर्ची घे गं,” ती म्हणाली. “इथे जागा कुठे आहे?”

मधली गादी खोल दबलेली होती.

“आई, बाबा, ती जागा माझी आहे,” मी सांगितलं. “मी मधोमधच बसणार.”