शेवटचं वाक्य

"गाणं काढून घेतलंस ते घेतलंस, वर निरोप ओटोच्या हाती पाठवलास. स्वतः यायला काय झालं होतं?"

डेला व्हिटकम आरशातूनच बोलत होती. भुवयांवरून फिरणारी पेन्सिल थांबली नव्हती.

नाटकाचा निर्माता एमेट ब्रॅनिगन दारातच उभा राहिला. पहिल्याच खेळाचा दुसरा अंक नुकताच संपला होता. बाहेर न्यू हेवनची मंडळी लेमोनेड पीत होती आणि त्यांच्यात न्यूयॉर्कहून आलेला पेलहॅम होता. पेलहॅमचं ब्रॉडवेवर स्वतःचं थिएटर. त्याला नाटक आवडलं तर ते तिथे लागणार, नाही तर इथेच गाशा गुंडाळायचा. ब्रॅनिगनची मागची तीन नाटकं ओळीने पडली होती. हेही पडलं, तर त्याला या धंद्यात कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"पेलहॅमला ते गाणं तरुण पोरीच्या तोंडी हवं होतं, डेला. मेबलला द्यावं लागलं. माझा इलाज नव्हता."

"आणि मी तरुण नाही. माहीत आहे मला, रोज आरसा बघते."

ब्रॅनिगन घुटमळला. मग ज्यासाठी आला होता ते बोलला. "शेवटचं वाक्य... नीट होईल ना?"

डेलाने पहिल्यांदाच मान वळवली. किंचित हसली. "ते मी म्हणेपर्यंत कुणाला कळायचं?"

तेवढ्यानेच त्याचा संशय पक्का झाला. नाटकवाल्यांची जुनी समजूत आहे, नाटकाचं शेवटचं वाक्य तालमीत म्हणायचं नाही. म्हटलं की नाटक पडतं. पहिल्या खेळाला, तिकीट काढून आलेल्या लोकांसमोरच ते पहिल्यांदा उच्चारायचं. ब्रॅनिगन तर या बाबतीत कमालीचा कडक. सगळ्या तालमींत डेला त्या जागी आली की "वगैरे, वगैरे" म्हणायची आणि शाल घेऊन घरी जायची. ती ते कसं म्हणणार, किंवा काय म्हणणार, हे कुणीच ऐकलेलं नव्हतं. आणि फिलाडेल्फियात एका रुसलेल्या नटाने शेवटच्या वाक्याच्या जागी प्रेक्षकांना "सुटलात बाबांनो" म्हटल्याचं ब्रॅनिगन विसरला नव्हता. नाटक त्याचंच होतं.

तो तडक विंगेत गेला. रंगमंचाची व्यवस्था बघणारा ओटो पडद्याच्या दोराशी उभा होता.

"शेवटी डेला पुढे येईल. तिने तोंड उघडायच्या आत पडदा टाकायचा."

"आणि वाक्य, साहेब?"

"राहू दे वाक्य."

"शेवटचं वाक्य न होता पडदा? अपशकुनच की हो."

"नाटक शिल्लक राहिलं तर बघू शकुन."

ओटोने टोपी मागे सारली. "बारा वर्षं आहेत त्या तुमच्याबरोबर."

"म्हणूनच. कुठे मारलं की मी उठत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तिसरा अंक त्याने शेवटच्या रांगेमागे उभ्याने पाहिला. मेबलने गाणं चांगलं म्हटलं, टाळ्याही पडल्या. नाटकात डेला तिची मावशी होती. गाणं संपेपर्यंत ती बाजूच्या खुर्चीत, खुर्चीच्या पाठीला आपली शाल अडकवून, विणत बसली होती आणि हसत होती. ते हसू मावशीचं की डेलाचं, हे ब्रॅनिगनला ओळखता येईना. कॉलरच्या आत घाम उतरला तरी त्याने रुमाल काढला नाही.

मेबल आणि तिचा नाटकातला नवरा जिना चढून वरच्या दारापाशी पोचले. डेला उठली, पुढे आली. तिने पोरांकडे पाहिलं आणि श्वास घेतला. त्या एका श्वासात ब्रॅनिगनला सगळं कळलं. ती काहीही बिघडवणार नव्हती. ती फक्त तिचं काम करायला आली होती. त्याला ओरडून ओटोला थांबवावंसं वाटलं, पण पडदा सुटला होता.

पडदा धपकन जमिनीला टेकला. कुणीतरी एक टाळी वाजवली आणि थांबला. शेवट झाला की नाही, हे लोकांना कळेना.

मग पडद्यामागून आवाज आला. "जा पोरांनो, दार ओढून घ्या. मी इथेच आहे."

चढा नाही, घाईचा नाही. जाड मखमलीतूनही तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. संहितेतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. ब्रॅनिगनला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला आणि मग सगळं थिएटर उठलं. पेलहॅम काठी आपटत वाट काढत ब्रॅनिगनपाशी आला.

"एमेट, लेका, पडदा टाकून मग आवाज! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

ब्रॅनिगन पडद्याकडे बघत होता.

"घेतलं नाटक. शेवट अस्साच ठेवायचा. आणि ती बाई मला न्यूयॉर्कात पाहिजे, तिच्याशिवाय नको."

टाळ्या थांबेनात, म्हणून ओटोने पडदा वर घेतला. सगळा नटसंच हात धरून ओळीने उभा होता. फक्त मधोमध एका माणसाची जागा रिकामी होती, आणि मावशीच्या खुर्चीच्या पाठीवरची शालही नव्हती.

पेलहॅमने टाचा उंचावल्या. "कुठे आहे ती?"

"येईल," ब्रॅनिगन म्हणाला.

ओळ वाकली, पुन्हा उभी राहिली. त्या रिकाम्या जागेपाशी मेबल होती. डेला येऊन धरेल म्हणून तिने एक हात तसाच पुढे ठेवला होता.