आजच्यापुरतं

पायाचा अंगठा पलंगाखालच्या बॅगेवर आपटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि निरीक्षकसाहेब चिडले नाहीत.

ते मुकाट पलंगाच्या काठावर बसले. तळवे गुडघ्यांवर ठेवले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज मी चिडणार नाही. आज मी घरातल्या कुणाची चूक काढणार नाही. आज मी आनंदात राहणार."

घरात चूक काढण्याजोगं माणूस एकच होतं. ते पलीकडे कुशीवर पडून ऐकत होतं.

निरीक्षकसाहेब वजनमापं तपासायच्या खात्यात होते. ते दुकानात शिरले की दुकानदाराच्या कपाळाला घाम फुटायचा. तराजूचा काटा केसभर कलला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. ही नजर संध्याकाळी ऑफिसच्या कपाटात ठेवून जायची सोय खात्याने केलेली नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याबरोबर घरी यायची. पडदा डावीकडे लोंबतोय. भाजीत मीठ किंचित पुढे गेलंय. शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा कमी कडक आहे. बायकोवर त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही. फक्त मोजत राहिले.

मग खात्याने कर्मचाऱ्यांसाठी सुखी जीवनाची कार्यशाळा घेतली. हजेरी सक्तीची होती. हसून हसून गाल दुखत असावेत असा एक प्रशिक्षक आला आणि म्हणाला, "सकाळी उठल्या उठल्या ठरवा. मोठ्याने म्हणा. आणि आजच्यापुरतंच म्हणा. जन्माचं ठरवलं की ते दुपारपर्यंत मोडतं." साहेबांना हे एकदम पटलं. सुखाचंही माप असतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि चमत्कार सुरू झाले. चहा गार असला तरी बोलणार नाही असं सकाळी म्हणावं, तर चहा जीभ पोळेल इतका गरम यायचा. पडद्याकडे बघणार नाही म्हणावं, तर संध्याकाळी पडदाच नवा. संयम दाखवायची संधीच मिळेना. साहेब थोडे हिरमुसले, पण मग त्यांनी सगळं श्रेय संकल्पाला देऊन टाकलं.

"नुसतं ठरवायचं हो," ते ऑफिसात सांगत सुटले, "जग आपोआप सरळ होतं."

"साहेब, ते कोण सरळ करतंय, हे एकदा वहिनींना विचारून बघा," हेडक्लार्क म्हणाला. सगळे हसले. साहेबही हसले. त्या दिवशीचा संकल्प हसतमुख राहण्याचा होता.

लेक नुकतीच नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहायला गेली होती. तिने फोनवर बाबांचा नवा मधाळ आवाज ऐकला आणि घाबरून विचारलं, "बाबा, तुम्ही बरे आहात ना? डॉक्टरांना दाखवलंत का?" मग आईला फोन द्यायला सांगून म्हणाली, "आई, दुसरी खोली लावून ठेवलीय गं." लेकीचा आवाज मोठा, फोनमधून बाहेर येणारा. एकट्या मुलीला दोन खोल्या कशाला, हा प्रश्न साहेबांनी ओठांपर्यंत आलेला परत गिळला. प्रगती होती.

ती बॅग तेवढी जागची हलत नव्हती. एकदा त्यांनी गोडीत विचारलं, "काय गं आहे त्यात?"

"माझे कपडे," ती म्हणाली. साहेबांनी पुढे विचारलं नाही. त्यालाही आता मन मोठं करणं म्हणायचं, हे ते शिकले होते.

तर आज संकल्प उच्चारून, ठेचाळलेला अंगठा चोळून, साहेब फिरायला निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले आणि चष्मा विसरल्याचं लक्षात आलं. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आज शीळ घालत परतले आणि खोलीच्या दारातच थबकले.

बायको पलंगाच्या काठावर बसली होती. तळवे गुडघ्यांवर. डोळे मिटलेले. ओठ आता हलणार, इतक्यात.

साहेबांचा ऊर भरून आला. "वा! अगं, तूसुद्धा? माझं बघून शिकलीस ना?"

तिने डोळे उघडले. दचकली नाही.

"नाही हो. माझं जुनं आहे. लेक पाळण्यात होती तेव्हापासूनचं."

"घ्या! म्हणजे आमच्या आधी तुम्ही!" साहेब खूश झाले. "आणि काय म्हणतेस रोज?"

"एकच. आज जाणार नाही."

"कुठे?"

तिने खाली पाहिलं. बॅग आज पलंगाखालून बाहेर आलेली होती, तिच्या पावलांना टेकून. साहेबांनी ती पहिल्यांदाच नीट पाहिली. पितळी कड्या चकचकीत होत्या. मुठीचं कातडं मात्र उचलून उचलून, खाली ठेवून ठेवून गुळगुळीत झालं होतं. लेकीची ती दुसरी खोली त्यांना आत्ता आठवली.

त्यांनी चौकट धरली.

"पण... पण हल्ली तर मी चिडतही नाही गं."

"हो ना," ती म्हणाली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. "छान चाललंय तुमचं."

साहेब चौकट सोडून एक पाऊल आत आले.

"मग आज... आजचं म्हटलंस ना? आजच्यापुरतं तरी?"

"म्हणणारच होते," ती म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही आलात."