एकाच पंगतीत

रांग वेदीकडे सरकू लागली, तशी लुदोव्हिनाने सवयीने गुडघे बाजूला वळवले. बाकावरची सहा माणसे तिला ओलांडून कुमुन्यांव, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घ्यायला गेली आणि जिभेवर ओस्तीची पातळ चकती घेऊन, मान खाली घालून परतली. ती तेवढी बसून राहिली. अकरा वर्षे ती बाकाच्या टोकालाच बसत होती. टोकाला बसले, की निदान वाट देण्याचे काम असते.

"आजच्या ओस्ती काय खुसखुशीत झाल्यात गो," गावभरची मावशी तिया पियेदाद बसता बसता कुजबुजली. "माझ्या माहेरच्या चर्चमधल्या तपकिरी, टाळ्याला चिकटणाऱ्या. तुझ्या कशा दुधासारख्या."

"हातगुण, तिया."

"आणि करणारीलाच नाही. सुगरण उपाशी."

लुदोव्हिना हसली. तियाच्या जिभेला हाड नव्हते. पण आपणहून तिच्या लगत बसणारीही तीच एकटी होती.

गोष्ट साधी होती. पहिला नवरा आग्नेल बोटीवर गेला आणि लिस्बनला दुसरा संसार थाटून बसला. सहा वर्षे वाट पाहून तिने पाश्कोल सुताराशी कचेरीत नोंदणी लग्न केले. कायद्याने पहिले लग्न मोडले होते. चर्चच्या लेखी ते उभेच होते. म्हणून पापांची कबुली नाही, कुमुन्यांव नाही, कोणाच्या मुलाची धर्ममाता होणे नाही. सख्ख्या बहिणीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ती टॉवेल धरून दाराशी उभी राहिली होती. तिला हवे होते ते फार नव्हते. एकदा त्या रांगेत उभे राहायचे होते. पहिले लग्न मुळातच वैध नव्हते, असा तिचा अर्ज धर्मपीठाच्या न्यायालयात पडून होता.

"पणजीला जाऊन आलो," पाश्कोल दर सहा महिन्यांनी सांगे. "म्हणतात, आग्नेलची साक्ष हवी."

"तो देईल?"

"बायकोला दोन ओळी लिहिल्या नाहीत त्याने. पाद्रींना साक्ष लिहून देणार."

ती बहिष्कृत झाली त्याच वर्षी मठातल्या सिस्टर गाव सोडून गेल्या, आणि ओस्ती भाजण्याचे काम फादर रेमिजियोंनी तिला दिले. चर्चच्या पाठीमागची लहानशी खोली, इस्त्रीसारखा तापणारा साचा, एक मोठा डबा, एक लहान डबा.

"गव्हाचं पीठ नि पाणी, बस्स," फादर म्हणाले होते. "दुसऱ्या कशाची मिसळ झाली, की मी शंभर वेळा प्रार्थना म्हटली तरी ती नुसती चकती राहते. प्रभू त्यात येत नाही."

"एवढं सोवळं?"

"नियम आहे. बघ, सगळ्यांना वाढणारी तू. तू आमच्यापासून तुटलेली नाहीस."

"वाढीन, फादर. पण एका पंगतीत दोन तऱ्हा मला घरीसुद्धा कधी जमल्या नाहीत."

फादरांना ते गाऱ्हाणे वाटले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याहून अधिक काही त्यांच्या हातात नव्हते.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत पत्र आले. आग्नेलच्या साक्षीवाचूनच निकाल लागला होता: पहिले लग्न रद्दबातल. पाश्कोलने पत्र तीनदा वाचले. तिने ते न वाचता हातात धरले आणि दुपार होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

शुक्रवारी ती पापांच्या कबुलीसाठी फादरांच्या जाळीपाशी गुडघे टेकून बसली. पाऊण तास लागला. फादर बाहेर आले. उरलेल्या ओस्ती ज्या सोनेरी पेटीत ठेवतात, तिच्यापुढून जाताना आतल्या प्रभूसाठी सगळे गुडघा टेकतात; ते न टेकताच निघून गेले.

"विसरले," आपला नंबर लागण्याची वाट पाहणारी तिया पियेदाद म्हणाली. "सत्तरी आली त्यांची. एवढं काय सांगत होतीस गो?"

"अकरा वर्षांचं साठलेलं, तिया."

"त्या जाळीत सांगितलेलं पाद्रींबरोबर थडग्यात जातं, ते एक बरं. जीव गेला तरी तोंड उघडायची सोय नाही बिचाऱ्यांना."

शनिवारी दुपारी दोन साक्षीदारांसमोर लुदोव्हिना आणि पाश्कोलचे चर्चमध्ये लग्न लागले. संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे साचा तापवला.

रविवारी ती रांगेत उभी राहिली. बाकावरच्या सहाही जणांनी तिला पुढे जाऊ दिले.

"ख्रिस्ताचं शरीर," फादर म्हणाले. पाश्कोलने डोळे पुसले.

"आमेन," लुदोव्हिना म्हणाली.

जागेवर परतल्यावर तिया बराच वेळ टाळ्यावरून जीभ फिरवत राहिली. "आज बिघडल्या गो. तपकिरी नि चिवट. लग्नाच्या गडबडीत लक्ष नव्हतं वाटतं?"

"असेल, तिया."

मिस्सा संपल्यावर लुदोव्हिना मागच्या खोलीत गेली, साच्याजवळचा लहान डबा तिने उचलला आणि त्यात उरलेले तांदळाचे पीठ भाकऱ्यांसाठी घरी नेले.